सल्ला : ‘याकोबानंही एकालाच जास्त दिलं होतं, तोरातच आहे!’

पत्र : माझं वय ५२. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्यात राहतो. बाबा ८१ वर्षांचे, आमच्याच सोसायटीत पलीकडच्या इमारतीत एकटे असतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. धाकटा भाऊ लग्नानंतर इस्राएलला गेला, अश्दोदला स्थायिक आहे. बाबांचा डबा, औषधं, बँक, डॉक्टर, सगळं माझ्याकडे. दर शुक्रवारी संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, त्यांच्या लेकाचा व्हिडिओ कॉल येतो. त्यासाठी बाबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसतात. नातवांना आशीर्वाद देताना फोनच्या काचेवर हात ठेवतात. माझी मुलगी त्यांचा चहा घेऊन शेजारीच उभी असते. तिच्या डोक्यावर हात जात नाही. गेल्या महिन्यात म्हणाले, फ्लॅट लेकाच्या नावावर करतो. मी बोलले तर म्हणतात, ‘याकोबानंही योसेफाला जास्त दिलंच होतं. तोरातच आहे.’ तेव्हापासून मी अश्दोदच्या मेसेजना उत्तर देणं बंद केलंय. आपल्या ग्रंथाला हे खरंच मान्य आहे का? आणि मी बाबांचं करणं थांबवावं का? – एक मुलगी, ठाणे

ताई,

बाबा म्हणतात ते तोरात आहे, यात शंका नाही. फक्त त्यांनी पान उलटलेलं दिसत नाही.

तोराच्या पहिल्या पुस्तकात, बेरेशीतच्या ३७व्या अध्यायात लिहिलंय, की याकोबाचा बाकीच्या मुलांपेक्षा योसेफावर जास्त जीव होता, कारण तो त्याचं म्हातारपणीचं लेकरू. आणि त्यानं योसेफाला एक खास अंगरखा करून दिला. इथपर्यंत बाबांचं बरोबर. लगेच पुढची ओळ अशी आहे, की भावांना योसेफाचा इतका राग आला की त्याच्याशी दोन शब्द धड बोलणंही त्यांना जमेना. म्हणजे अंगरखा अंगात चढतोय न चढतोय तोच वसुली सुरू. योसेफ तेव्हा १७ वर्षांचा, भावांच्या चुगल्या बापाकडे नेणारा, त्यात स्वतःच्या मोठेपणाची स्वप्नं घरभर सांगत सुटलेला. आणि बापाला घरात काय शिजतंय याचा पत्ता नाही. तो ह्याच पोराला एकट्याला, भावांची खुशाली घेऊन ये म्हणून शखेमकडे पाठवतो. दोथानजवळ भाऊ त्याला लांबूनच ओळखतात. आधी अंगरखा उतरवून घेतात, मग त्याला कोरड्या खड्ड्यात टाकतात, आणि शेवटी २० चांदीच्या तुकड्यांना तो विकला जातो. मग बकरा मारून अंगरखा रक्तात बुडवतात आणि बापाकडे पाठवतात. सोबत निरोप : ‘हे आम्हाला सापडलं. तुमच्या मुलाचा अंगरखा आहे का, बघा.’

तुमच्या मुलाचा म्हणाले, आमच्या भावाचा नाही. तुमच्या पत्रातही भाऊ एकदाच येतो. फ्लॅटचा विषय येईपर्यंत तो ‘त्यांचा लेक’ झालेला असतो, आणि त्यानंतर नुसतं ‘अश्दोद’. हे तुमच्या लक्षात आलं नसेल म्हणून सांगते.

तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या संग्रहात, शब्बाथ नावाच्या प्रकरणात या अंगरख्यावर रोखठोक शेरा आहे. माणसानं आपल्या मुलांत एकाला कधीही वेगळं काढू नये. याकोबानं योसेफाला इतरांपेक्षा दोन सेला नाण्यांच्या वजनाचं तलम कापड जास्त दिलं, त्यावरून भावांना हेवा वाटला, आणि गोष्ट वाढत वाढत आपले पूर्वज मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊन पडले. म्हणजे बाबांनी दाखला दिला तो नेमका त्यांच्याविरुद्ध जाणारा. हा शेरा मी लिहिलाय तसा त्यांना वाचून दाखवा. पण रागात नको. शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणानंतर, पोट भरलेलं असताना.

खरं तर याकोबाला दोष देतानाही थोडं मागे जावं लागतं. तो स्वतः ज्या घरात वाढला तिथे हेच चालू होतं. बाप इसहाक, त्याला शिकारीचं मटण आवडे, म्हणून शिकारी एसाव त्याचा लाडका. आई रिबकेचा लाडका याकोब. का, ते दिलेलंच नाही. (लाडाची कारणं विचारायला गेलं तर ती अशीच निघतात, एक मटणाएवढं आणि दुसरं सापडतच नाही.) इसहाकाची नजर गेल्यावर रिबका धाकट्याच्या अंगावर थोरल्याचे कपडे चढवते, हातांना, मानेला करडाचं कातडं लावते आणि आशीर्वाद त्याला मिळवून देते. एसाव मागून येतो. अख्ख्या तनाखमध्ये, म्हणजे ज्यूंच्या संपूर्ण बायबलमध्ये, मुलानं बापाला विचारलेला इतका उघडा प्रश्न दुसरा सापडणं कठीण : ‘बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद होता का? मलाही द्या ना.’ आणि मोठा बाप्या माणूस गळा काढून रडतो. रिबका याकोबाला सांगते, थोडे दिवस मामाकडे राहा, ह्याचा राग उतरला की बोलावते. थोड्या दिवसांची २० वर्षं होतात. मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याची नोंद नाही.

एवढं सगळं अंगावर घेतलेला याकोब स्वतः बाप झाल्यावर शहाणा होईल असं वाटतं. होत नाही. सासुरवास काढलेली सून पुढे तशीच सासू होते, तसा तो होतो. अगदी मरायला टेकल्यावरही तेच. योसेफ आपले दोन मुलगे घेऊन येतो, थोरला मनश्शे आजोबांच्या उजव्या हाताशी येईल असा उभा करतो, आणि म्हातारा हात ओलांडून उजवा हात धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर ठेवतो. योसेफ त्याचा हात धरून म्हणतो, असं नाही बाबा, थोरला हा. याकोब म्हणतो, ‘ठाऊक आहे, बाळा, ठाऊक आहे.’ हाच आशीर्वाद तुमचे बाबा दर शुक्रवारी फोनवर म्हणतात, देव तुम्हाला एफ्राईम आणि मनश्शेसारखे करो. धाकट्याचं नाव आधी! या दोघांचंच नाव का घ्यायचं, याचं उत्तर बऱ्याच घरांत असं देतात, की या दोघांत त्यावरून भांडण झालं नाही. पुढे त्यांच्या वंशजांत पुष्कळ झाली, तो भाग वेगळा.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की तुम्ही ज्याची वाट बघताय ते या ग्रंथात कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही. बेरेशीतमध्ये एकही पक्षपाती बाप शेवटी नि:पक्षपाती होत नाही. इसहाक होत नाही, याकोब होत नाही. एसाव समोर आल्यावर इसहाक थरथरतो, त्याच्या हंबरड्यानंतर त्यालाही काहीबाही आशीर्वाद देतो, पण दिलेला परत घेत नाही. तुमचे बाबा ८१ व्या वर्षी बदलतील, एक दिवस तुमचा हात धरून ‘तूच खरी’ म्हणतील, या आशेवर तुम्ही डबे पोचवत असाल, तर ती आशा आता खाली ठेवा. कठीण बोलते आहे, पण तुम्ही विचारलंत.

ग्रंथाला हे मान्य आहे का, या प्रश्नाचं नीट उत्तर तोराच्या शेवटच्या पुस्तकात, देवारीमच्या २१व्या अध्यायात आहे, आणि ते मला फार व्यवहारी वाटतं. एखाद्याच्या दोन बायका आहेत, एक आवडती, एक नावडती. थोरला मुलगा नावडतीचा. तर वाटणी करताना बापानं आवडतीच्या मुलाला थोरल्याचा हक्क देऊ नये. दुप्पट वाटा नावडतीच्याच मुलाला जायला हवा. दोघींवर सारखं प्रेम कर, असं तोरा म्हणत नाही. म्हणून उपयोग नाही हे तिला ठाऊक असावं. मन कुणाकडे ओढ घेईल ते घेवो, वाटणीत मनाला बोलायला जागा नाही, एवढंच ती सांगते.

आता तुम्ही म्हणाल, पण तो कायदा मुलग्यांचा. खरं आहे. सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांचा वाटा मागतात, आणि देव म्हणतो त्यांचं बरोबर आहे. पण त्यांना भाऊ नव्हता. भाऊ असलेल्या मुलींचा दाखला हवा असेल तर इयोबाच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण काढा. सगळं गमावून पुन्हा उभा राहिलेला इयोब आपल्या तिन्ही मुलींना त्यांच्या भावांबरोबर वाटा देतो. गंमत म्हणजे तिथे सात मुलग्यांची नावं दिलेली नाहीत, तिघी मुलींची आहेत. बाबांना दाखलेच द्यायचे असतील तर तनाख मोठा आहे, हवा तो दाखला निघतो. तुमच्या समाजात एकेकाळी ह्याच कथा मराठी कीर्तनांतून रंगवून सांगत. उत्तररंगापर्यंत बसल्याशिवाय बुवांचं म्हणणं कळत नाही, हे बाबांच्या पिढीला सांगायला नको.

मला तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो यहूदा. तो योसेफाचा सावत्र भाऊ, लेआचा चौथा मुलगा. लेआ याकोबाची नावडती बायको, पहिल्या तिन्ही मुलांच्या वेळी ती काही ना काही म्हणते, आता नवरा माझ्यावर प्रेम करेल, आता तरी माझ्याजवळ येईल. चौथ्याच्या वेळी नवऱ्याचं नाव काढत नाही, नुसतं देवाचं स्तवन करते. (सहाव्याच्या वेळी ती आशा पुन्हा डोकं वर काढते. अशी आशा एकदा टाकली की संपली, असं नसतं.) हाच यहूदा तरुणपणी म्हणाला होता, योसेफाला मारून काय फायदा, विकू या. पुढे त्याचे स्वतःचे दोन मुलगे जातात, आणि तिसऱ्याला जवळ धरून ठेवण्यासाठी तो सुनेला दिलेला शब्द मोडतो. मूल गमावलेला बाप उरलेल्याला कसा कवटाळतो, हे त्याला आता आतून ठाऊक असतं.

मग दुष्काळात भाऊ मिसरात धान्याला जातात, आणि ओळख न दिलेला योसेफ धाकट्या बन्यामीनला गुलाम म्हणून ठेवून घ्यायला निघतो. तिथे यहूदा पुढे येऊन बोलतो. बेरेशीतमधल्या लांब भाषणांपैकी हे एक. त्यात एक वाक्य असं आहे, की वाचताना थांबावं लागतं. तो सांगतो : ‘आमचे वडील म्हणाले, तुम्हाला ठाऊकच आहे, माझ्या बायकोला दोनच मुलगे झाले.’ हे दोघे म्हणजे आवडत्या राहेलचे योसेफ आणि बन्यामीन. बोलणाऱ्याची आई लेआ. तिचे सहा मुलगे. बापाच्या हिशेबात ती बायको नाही आणि हा त्या दोघांतला नाही. हे वाक्य तो स्वतःच्या तोंडानं, परक्या अधिकाऱ्यासमोर जसंच्या तसं सांगतो, त्यावर एक शब्दाची तक्रार जोडत नाही, आणि म्हणतो, पोराला सोडा, त्याच्याऐवजी मी गुलाम राहतो. म्हाताऱ्याचा जीव ह्या पोरात अडकलाय. तेव्हा योसेफाचा बांध फुटतो. अंगरख्याचं प्रकरण बापानं मिटवलं नाही. ज्याला अंगरखा कधी मिळणार नव्हता, त्यानं मिटवलं.

ह्यावरून ‘बघा, यहूदासारखा त्याग करा’ असं मी सांगेन असं वाटलं असेल, तर नाही. यहूदानं हे एकदा केलं, कुणी ढकललं म्हणून नाही. निघण्याआधी बापाला तोंडी हमी दिली होती, अटी स्पष्ट होत्या. सहा वर्षं रोज डबा, आणि मनात न बोललेली वसुली, हा त्याग नाही, ती उधारी आहे. आणि ज्याला दिली त्याला ती उधारी आहे हेच ठाऊक नाही.

म्हणून करणं थांबवायचं की नाही, ते असं ठरवा. फ्लॅट भावाला गेलाच, असं धरून चाला. त्यानंतरही तुम्ही आपणहून काय काय कराल? बहुतेक डॉक्टर कराल, औषधं कराल, सणाचं जेवण कराल. तेवढं चालू ठेवा. बाकीचं भावाच्या अंगावर घाला. बँक आणि बिलं अश्दोदहून ऑनलाइन होतात. डब्याला बाई लावता येते आणि तिचे पैसे त्यानं द्यावेत. गोळ्या बंद करून बापाला धडा शिकवू नका. तो धडा तुमच्याच मानेवर बसेल.

वाटणीचं बोलताना प्रेमाचा विषय काढू नका. ‘तुमचं माझ्यावर कमी प्रेम’ म्हटलं की बाबा ‘असं काही नाही’ म्हणणार आणि विषय बंद. नुसतं फ्लॅटचं बोला. भारतातल्या ज्यू कुटुंबांना वारशासाठी १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी सारखे वाटेकरी. मात्र फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या मालकीचा असेल तर मृत्युपत्र करून तो कुणालाही द्यायचा हक्क त्यांना आहे, आणि त्यावर तुमचा दावा चालेल अशा भ्रमात राहू नका. सोसायटीत नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे यावरून मालकी ठरत नाही. ‘नावावर करतो’ म्हणजे नक्की काय, ते विचारा. मृत्युपत्र असेल तर हयातीत बदलता येतं. बक्षीसपत्र असेल तर नोंदणी झाली की घर त्यांचं राहत नाही, आणि ८१व्या वर्षी स्वतःच्या घरात पाहुणा होणं हे तुमच्यापेक्षा त्यांच्यासाठी वाईट. करायचंच म्हणाले तर मुलगा सांभाळेल ही अट कागदात हवी. तशी अट असेल आणि ती मोडली, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली दाद मागता येते. वकील तुमचा नको, भावाचाही नको, बाबांचा हवा.

मुलीच्या आशीर्वादाचं मात्र उघड मागा. एसावसारखं सगळं झाल्यावर रडून नको, आधीच, सरळ आवाजात. मुलींसाठीचा आशीर्वाद आहेच : सारा, रिबका, राहेल आणि लेआसारखी होवो. चहाचा कप टीपॉयवर ठेवून मुलीनं आजोबांसमोर वाकावं आणि म्हणावं, आबा, मलाही. ज्यांच्यासाठी इस्त्रीचा सदरा घालावा लागतो ते लांबचे असतात. जी रोज समोर असते ती दिसेनाशी होते. तुमच्या बाबांनी मुद्दाम टाळलं असेल असं मला वाटत नाही. मागितल्यावरही टाळलं, तर मग मला पुन्हा लिहा.

राहता राहिला भाऊ. त्यानं फ्लॅट मागितला का, हे पत्रात कुठे नाही. कदाचित त्याला ठाऊकही नसेल. लाडक्या मुलाचंही या गोष्टींत फारसं बरं झालेलं नाही : याकोब परागंदा, योसेफ आधी खड्ड्यात आणि मग तुरुंगात. आणि भावाचं मोठेपण सोसलेलं एक माणूस तोरातच आहे. मोशेला देव पुढारी करतो तेव्हा त्याचा थोरला भाऊ अहरोन त्याला भेटायला निघालेला असतो, आणि देव मोशेला सांगतो, तुला बघून त्याला मनापासून आनंद होईल. तुम्हाला आनंद व्हायला हवा असं माझं म्हणणं नाही. बोलणं मात्र व्हायला हवं, आणि बाबा आहेत तोवर. याकोब गेल्यावर त्याच भावांची काय तारांबळ उडाली ते बेरेशीतच्या शेवटच्या अध्यायात आहे. इतकी वर्षं एकत्र राहून, योसेफानं मिठ्या मारून झाल्यावरही त्यांना वाटतं, बाप होता म्हणून हा गप्प होता, आता सूड घेईल. मग वडील जाण्यापूर्वी असं असं सांगून गेले, असा निरोप पाठवतात. वडिलांनी तसं सांगितल्याचं कुठेच आलेलं नाही. ऐकून योसेफ रडतो.

तुमच्याकडे तशा निरोपाची पाळी येऊ देऊ नका. आज रात्रीच लिहा, आणि बाबांच्या फोनवरून नाही, स्वतःच्या : ‘महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. बाबा फ्लॅट तुझ्या नावावर करायचं म्हणताहेत. तुला ठाऊक आहे का? तुला काय वाटतं? मला अर्धा वाटा हवा आहे असं मी त्यांना सांगणार आहे, ते तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. शिवाय डब्याच्या बाईचं ठरवायचं आहे, त्याबद्दल रविवारी फोन कर.’ एवढंच. त्यात आईला मधे आणू नका, सहा वर्षांचा हिशेब लावू नका. रविवारी फोन आला तर आधी बाईचं ठरवा, फ्लॅटचं नंतर.